पाय उचल, दिन्या

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत होतो. ‘भाऊजी, आज पहाटे विलास गेले,’ एवढंच त्या बोलल्या. समोरचा माणूस अजून भाव पाडून मागत होता. मी त्याला त्याच्या भावात माल दिला आणि शटर ओढलं. गुडगावला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा कळलं की विलासला वर्षभर हृदयाचं दुखणं होतं. त्याच्या मानेसरच्या कारखान्यातल्या लोकांना ठाऊक होतं, शेजाऱ्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. वहिनी मान खाली घालून म्हणाल्या, ‘त्यांनीच बजावलं होतं, दिन्याला कळवायचं नाही. तो डॉक्टरांशी भांडेल.’ या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण हा घास गळ्याखाली उतरत नाही. कारण विलासने माझ्यापासून लपवण्याची ही दुसरी वेळ.

आम्ही दोघं पहाडगंजच्या मराठी शाळेत एका बाकावरचे. त्याचे वडील केंद्र सरकारात, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहणारे. माझे वडील स्टेशनसमोरच्या एका हॉटेलात गल्ल्यावर. तो इंजिनीअर झाला, मी कश्मीरी गेटला गाड्यांचे सुटे भाग विकायला लागलो आणि भाव करून करून वर आलो. देशात पैसा खेळू लागला तसं गुडगावच्या शेतांत सोसायट्या उगवल्या. मीही तिथे फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन गेलो. आईला दमा. तिचे डॉक्टर दिल्लीत. मे महिन्यात काच उघडी ठेवली की धूळ आणि लूचा उष्ण वारा, बंद ठेवली की भट्टी, म्हणून गाडीत एसी हवाच. पण माझी छोटी गाडी एसी लावला की पुलाच्या चढावर अशी गळून जायची की मागून ट्रक हॉर्न मारत अंगावर येत. तेव्हा सगळेच चढ आला की एसी बंद करायचे. आईला तेवढंही सोसत नसे.

अशात बाजारात माझ्या हाती एका जपानी गाडीतून काढलेलं टर्बो किट लागलं. एंजिनच्या धुराच्याच जोरावर पंखा फिरवून एंजिनात जास्त हवा कोंबायची, म्हणजे ताकद वाढते. पण एकही मिस्त्री तयार होईना. सगळ्यांचं एकच, ‘साहब, टर्बो लगाओगे तो एसी भूल जाओ.’ टर्बोचा पाइप नेमका जिथून जायचा, तिथेच एसीचा कॉम्प्रेसर बसलेला. मी विलासला सांगितलं, मला दोन्ही हवं. तो बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘एका बैलाला दोन नांगर जुंपतोयस.’

‘जमेल की नाही ते बोल.’

‘जमेल. पण एंजिनशी घासाघीस चालत नाही, दिन्या. ते गिऱ्हाईक नाही.’

मग कित्येक रविवार माझी गाडी त्याच्या घराखाली उघडी पडून. विलासची एक सवय होती, पत्र्याला हात लावण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करायचा. मिठाईचे रिकामे डबे कापून त्याने कॉम्प्रेसरची नवी बैठक बनवली, पाइपचं वळण बनवलं, आत बसवून पाहिलं, फेकलं, पुन्हा कापलं. वहिनी म्हणायच्या, ‘या गाडीपायी घरात बर्फी यायला लागली.’ मला मात्र धीर निघत नव्हता. तापलेल्या टर्बोशेजारून एसीची नळी जाणार होती. ती फुटली तर? रेडिएटर पुरा पडला नाही तर? मी दर रविवारी तेच विचारायचो आणि तो दर रविवारी तेच उत्तर द्यायचा, ‘बघू.’ हा ‘बघू’ मला पेटवायचा.

गाडी तयार झाली आणि सुरेख पळाली. पुढच्याच आठवड्यात आईचा श्वास वाढला. तिला मागच्या सीटवर घेऊन मी दिल्लीकडे निघालो. पूल आला, मी पाय पूर्ण दाबला, गाडी उसळली… आणि जाळीतून गरम हवा यायला लागली. पुढच्याला ओलांडायला पुन्हा दाबला, पुन्हा गरम हवा. मला वाटलं, नळी गेली. लू वाहत असताना गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, काहीच फुटलेलं नाही. परत आत येऊन बसलो तर थंडगार हवा येत होती आणि आई धापांमधून म्हणत होती, ‘अरे, थांबलास कशाला? चल ना.’

हॉस्पिटलमधूनच मी त्याच्या कारखान्यात फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्याने ऐकून घेतलं. मग शांतपणे सांगितलं की अॅक्सिलरेटरच्या खाली त्याने एक छोटा स्विच बसवलाय. पाय पूर्ण दाबला की एसी आपोआप थोडा वेळ बंद होतो, नाहीतर एंजिन तापून बसेल.

‘मग हे मला सांगायला काय झालं होतं?’

‘सांगितलं असतं तर तू तो काढून टाकला असतास. दोन्ही एकदम पुरं मिळत नाही, दिन्या. पाय जरा उचलायचा. लगेच येते थंड हवा.’

मी कितीतरी दिवस त्याच्याशी बोललो नाही. आई बरी होऊन घरी आली तीही त्याच्याच बाजूची. गाडीत बसली की मागून हुकूम, ‘विलास काय म्हणाला? पाय उचल.’ पुढे ती गेली तेव्हा खांदा द्यायला तोच होता, आणि बोलणं केव्हा सुरू झालं ते कळलंही नाही. पण मी आजही म्हणतो, गाडी माझी होती, आई माझी होती, मला सांगायला हवं होतं. आणि मित्रही माझा होता. गेल्या दिवाळीत भेटलो तेव्हा जिना चढताना तो मध्येच थांबला. मी चिडवलं, ‘काय रे, टर्बो लावू का?’ तो कठड्याला धरून हसला. ‘बघू,’ म्हणाला.

मी काय केलं असतं? भांडलो असतो, हो. दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर, सगळी दिल्ली पालथी घातली असती. ते त्याला नको होतं म्हणे… असेल.

गाडी अजून आहे. परवा एसीत गॅस भरायला नेली तर मिस्त्री पेडलखाली वाकून म्हणाला, ‘यह किसका जुगाड़ है? निकाल दूँ?’ मी त्याच्यावर असा ओरडलो की तो मागे सरकला. परतताना तोच पूल लागला. मी पाय पूर्ण दाबला, दाबूनच ठेवला. हवा कोमट झाली, मग गरम. मागे कोणी नव्हतं ‘पाय उचल’ म्हणायला. चढ संपला तसा मीच उचलला आणि जाळीसमोर हात धरला. थंड हवा यायला थोडा वेळ लागतो, हे इतक्या वर्षांत मला पाठ झालंय. तरी दर वेळी वाटतं, या खेपेला ती यायची नाही.