मान्यता मिळाली, मग कळलं

कॅनडातल्या एडमंटनच्या एका विद्यापीठात मी इंजिनिअरिंगच्या एका पदवीचं ॲक्रेडिटेशन सांभाळत होते. बाहेरची समिती येणार, अभ्यासक्रम, लॅब, शिक्षक सगळं तपासणार आणि पदवीला मान्यता द्यायची की नाही ते ठरवणार. आमचा प्रांत ज्यावर चालतो तो तेलाचा धंदा बसला होता, म्हणून सरकारनं विद्यापीठाचं अनुदान कापलं होतं. कॉफीच्या रांगेतसुद्धा कुठला विभाग बंद होणार याचीच कुजबुज चालायची.

अशात आमचे लॅबप्रमुख व्हँकुव्हरला निघाले. मूळचे नागपूरचे, माझ्या नवऱ्याचे मित्र. मला वहिनी म्हणायचे. तिकडे त्यांना पक्की नोकरी मिळाली होती. पण ते गेले की लॅब सांभाळायला पात्र माणूस उरत नव्हता, म्हणजे मान्यता गेल्यातच जमा. डीनबाईंनी मला बोलावून घेतलं.

"त्यांना थांबव. मान्यता मिळाली की या प्रोग्रॅमला कुणी हात लावणार नाही. माझा शब्द आहे."

मी त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको पॅकिंगला लागली होती. डीनबाईंचा शब्द मी जसाच्या तसा सांगितला.

"वहिनी, तुम्ही म्हणताय म्हणून थांबतो."

समिती आली, त्यांची लॅब पाहून खूश होऊन गेली. मान्यता मिळाली त्या दिवशी डीनबाईंनी केक आणला, मला मिठी मारली. बर्फ वितळायच्या आतच जाहीर झालं: नवे प्रवेश बंद. आहेत ती मुलं पास झाली की प्रोग्रॅम गुंडाळायचा. त्या मुलांची पदवी बिनकामाची ठरू नये, एवढ्याचसाठी मान्यता हवी होती.

मी तडक डीनबाईंच्या केबिनमध्ये गेले. "तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

त्यांनी नजरही चुकवली नाही. "तुला सांगितलं असतं, तर तू त्यांना थांबवू शकली असतीस?"

लॅबप्रमुखांना मीच पार्किंगमध्ये गाठून सांगितलं. ते गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. हात थांबला.

"म्हणजे तुम्हालाही फसवलंच की," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. व्हँकुव्हरची जागा तोवर भरली होती. त्यांच्या बायकोनं माझा फोन पुन्हा कधी उचलला नाही.

पुढच्या वर्षी डीनबाईंनी दुसऱ्या प्रोग्रॅमचं ॲक्रेडिटेशन माझ्याकडे द्यायचं ठरवलं. "लोक तुझ्यावर विश्वास ठेवतात," त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं. मग मला वेळापत्रकाच्या कामाला लावलं. लिफ्टमध्ये भेटल्या की त्या अजून माझ्या मुलीची चौकशी करतात. मी हसून उत्तर देते, आणि मग त्या हसण्याचाच मला दिवसभर राग येत राहतो.