दगडी राक्षसाचा बळी

कंप्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेलेले काका त्या सुट्टीत सगळ्यांना घेऊन तंजावरला आमच्या घरी आले. बरोबर चुलतभाऊ, माझ्याच वयाचा, आणि त्याचे ते लढाईचे पत्ते. प्रत्येक पत्त्यावर एखादा प्राणी नाहीतर मंत्र, खाली बारीक इंग्रजीत नियम. त्याला मराठी धड येत नव्हतं, माझं निम्मं तमिळ. पण खेळ मी चटकन उचलला.

त्यातला दगडी राक्षस माझा जीव की प्राण. तो नष्ट होत नाही, असं त्याच्यावर छापलेलंच होतं. निघायच्या दिवशी चुलतभाऊ म्हणाला, "आज जिंकलीस तर राक्षस तुझा."

त्याने माझ्या बाजूच्या राक्षसावर आग टाकली. काही झालं नाही. 'नष्ट करा' असा मंत्र टाकला, तोही फुकट. मग त्याने निराळाच पत्ता काढला: समोरच्याने आपला एक प्राणी आपल्याच हाताने बळी द्यावा. इथे खरी मेख होती. बळी देणं म्हणजे नष्ट करणं नव्हे, तिथे राक्षसाची ताकद चालत नाही. पण कुठला प्राणी द्यायचा ते मी ठरवायचं, हेही तिथंच लिहिलेलं. माझ्यापाशी एक फालतू बेडूक होता. मी तो उचलला.

"नाही, राक्षस दे," तो म्हणाला. मी नियम वाचून दाखवला. त्याने भोकाड पसरलं.

माझे वडील, अप्पा, ऊंजलवर, म्हणजे झोपाळ्यावर, झुलत काकांशी बोलत होते. काका माझ्या मोठ्या भावाला तिकडे नोकरी लावणार होते. (लावली नाही, तो भाग निराळा.) त्यामुळे महिनाभर घरात त्यांच्या कुणालाही 'नाही' म्हणायची सोय नव्हती.

"पाहुणा आहे तो. मागतोय ते दे," अप्पा म्हणाले. पत्त्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अप्पा, नियम माझ्या बाजूने आहे."

"कसला नियम? दे म्हटलं ना."

असा संताप आला! आगीने, मंत्राने जो मेला नाही, त्याला मीच उचलून बाद पत्त्यांत टाकलं. पुढे हरले, हे वेगळं सांगायला नकोच. तो राग आजही गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

संध्याकाळी मद्रासच्या गाडीपाशी अप्पांनी मला खिडकीकडे ढकललं. "थँक्यू म्हण त्याला. महिनाभर खेळवलं त्याने तुला."

मी म्हटलं. तो आपल्या आईला राक्षस दाखवत होता, त्याने मान वर केली नाही.