महजूबबांची मूठ

शाविया मुलखाच्या काळ्या रानातल्या आमच्या गावात चाळीस वर्षं महजूबबांनी मूठ वळल्याशिवाय कुणी परसात कुदळ लावली नाही. पाऊस उघडला की सगळे त्यांच्याच दारात. ते वीतभर खोलची माती काढत, मुठीत दाबत, अंगठ्यानं चाचपत आणि म्हणत, "वाफसा आला," नाहीतर, "थांबा." वाफसा म्हणजे माती खणण्याजोगी सुकणं; ओल्यात खणली तर ही माती वाळून वीट होते. मग बसा वर्षभर कपाळ बडवत!

एके दिवशी पुदिन्याच्या चहाचा कढत पेला धरून त्यांच्या बोटांना टरारून फोड आले, तरी म्हाताऱ्याला पत्ता नाही. साखरेच्या आजारानं बोटं बधिर झाली होती. मूठ गेली तर आपल्याला विचारणार कोण? त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मोठेपणा हो, दुसरं काय!

मग आठवडाभर झड लागली. पाऊस उघडल्यावर शेजारची यामना रोज येऊ लागली. विधवा बाई, घर चालायचं ते परसातल्या कांद्यावर.

"बा, आज?"

"थांब गं."

पाचव्या दिवशी ती कडाडली, "रोपं पिवळी पडली! तुमचं थांब-थांब ऐकत पोरांना काय माती चारू?"

त्यांनी माती उचलली, दाबली. हाताला काहीच लागलं नाही.

"लाव कुदळ," ते म्हणाले.

त्यांना घरी जाववेना. तिथेच दगडावर बसले. कुदळीला चिखल चिकटत होता. यामना तो खरवडायची आणि पुन्हा खणायची. बा म्हणालेत ना, मग आलाच असणार वाफसा! अर्धं परसू उलटलं तेव्हा ऊन वर आलं आणि ढेकळं ओल्या साबणासारखी चकाकली. महजूबबांनी ओळखलं, माती अजून ओलीच आहे. गप्प बसावं तर उरलेलं परसूही जाणार.

"थांब पोरी! माझ्या बोटांना काही कळत नाही. महिना झाला."

"आणि हे आत्ता सांगताय?" यामनाला रडू कोसळलं.

वाफसा विचारायला आलेले तिघे कुंपणाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांतल्या बूशाइबनं वाकून मूठभर माती दाबली. "उद्या येईल वाफसा."

"हॅ! चार दिवस तरी लागतील," त्याचा भाऊ म्हणाला.

तिसरा नुसताच बूशाइबच्या मुठीकडे बघत राहिला. चाळीस वर्षांत कुणी कधी स्वतः चाचपून पाहिलंच नव्हतं. यामनानं डोळे पुसले. चौघंही घाबरून पुन्हा महजूबबांच्याच तोंडाकडे बघू लागले.