अर्जाला जोडलेला कागद

आजवर मी तहसीलदारांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वांना पत्रे लिहिली. हा मजकूर मात्र एकाही कागदावर उतरू दिला नाही. आपणच पहिले.

न्यायालयातली कारकुनी संपवून मी बांद्याला परतलो, तेव्हा बाजारपेठेत दिगूचा सायबर कॅफे नुकताच सुरू झाला होता. माझी नात केतकी अकरावीत होती. बोलताना ती अडखळत असे—वर्गात हजेरी देतानासुद्धा. कॉलेज बुडवून ती तीन-तीन तास त्या पडद्यापुढे बसू लागली. एखाद्या दिवशी कॅफे बंद असला की घरभर येरझारा घाली. मी संतापलो. तो संताप खोटा होता का? नाही. आजही नाही.

एका दुपारी मी तिला तिथून उठवून घरी पिटाळले. तिचे पान उघडेच राहिले होते. कोणा दूरच्या मैत्रिणीला तिने लिहिले होते—'इथे मी अडखळत नाही. इथली मीच खरी. घरात वावरते ती दुसरीच कोणीतरी.'

हे वाचून आजोबाने काय करावे? मी दिगूला म्हटले, "हे छापून दे." त्याने न वाचता कागद हातात दिला.

पुराव्याशिवाय अर्ज करायचा नाही, ही माझी जन्माची शिस्त. कॅफे बंद करण्याच्या अर्जाला तो कागद मी जोडला—तिचे नाव तेवढे खोडून. ग्रामसभेत अर्ज जोडपत्रासह वाचला जाईल, हे मला—मला!—ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. ग्रामसेवकाने वाचला. मागून कोणी ओरडला, "म-म-माका पण थंय ब-बसव रे दिगू!" सभा हसली. अडखळणारी मुलगी गावात एकच होती.

इथवरचे आपण कदाचित रागावर ढकलाल. ढकलू नका—पुढचे ऐका. संध्याकाळी केतकीने विचारले, "आजोबा, तो कागद तुमका क-कोणी दिल्यान?" मी सांगितले—दिगूने. तो सगळ्या मुलांचे वाचतो. तुझा आहे हे मला माहीत नव्हते.

ती तडक कॅफेत गेली. मी मागोमाग. भर बाजारात तिने त्याला जाब विचारला. शब्द फुटेना, लोक पाहत राहिले. दिगूने एकदा माझ्याकडे पाहिले. एक वाक्य पुरले असते. "बाये, मियां वाचूक नाय गो," एवढेच तो म्हणाला. माझे नाव त्याने घेतले नाही. आणि मी? मी ताठ उभा होतो.

कॅफे महिन्याभरात बंद पडला. केतकी पुन्हा कुठल्याही पडद्यापुढे बसली नाही. माझी मागणी मान्य झाली, असेच म्हणायचे ना? चार वर्षे झाली; ती घरात मानेनेच होय-नाही सांगते, आणि रस्त्यात दिगू दिसला की तोंड फिरवते.

कागद मी छापून घेतला. अर्जाला मी जोडला. खोटे मी बोललो. हे उद्या सकाळी तिच्यासमोर बसून वाचणार आहे, मग दिगूच्या दारात, मग येत्या ग्रामसभेत. वाचताना ती मध्येच उठून गेली, तर मी तिला थांबवणार नाही.