आधी सही, मग चहा

आमच्या घरमालक चाचांइतका गुपितांचा कट्टर शत्रू साऱ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. आणि झाला असता, तर चाचांनी त्याचा पत्ता काढून त्याला पोस्टकार्ड टाकलं असतं. कार्डच. पाकिटातलं पत्र त्यांना मंजूर नव्हतं. "पोस्टमननं वाचू नये असं लिवायचंच कायकू?" हा त्यांचा सवाल. पुंडलिकनगरात तेव्हा नुकती घरं उठत होती. गिरणीतून निवृत्त झालेल्या चाचांनी तिथं तीन खोल्या बांधल्या आणि एकाही दाराला आतून कडी बसवू दिली नाही. न्हाणीघराला तेवढी होती, आणि ती मिळवायला चाचींना दोन दिवस चूल बंद ठेवावी लागली होती म्हणे. आज घरात काय शिजलंय ते चाचा ओट्यावरून जाहीर करत. स्वतःच्या मूळव्याधीची हकिकत त्यांनी भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना सारख्याच तपशिलानं सांगितली होती. आणि हात ते कुणाशीच मिळवत नसत, लांबूनच सलाम. "हातात हात घातला की अंगठा काय बोलतो, ते तिसऱ्याला दिसत नाय," असं त्यांचं म्हणणं.

ह्या अंगठ्याला इतिहास होता. निजामाच्या राज्यात, ऐन विशीत, चाचा छावणीतल्या साहेबलोकांच्या एका गुप्त बंधुमंडळाचे दरवान होते. लोक त्या बंगल्याला जादूघर म्हणत आणि पोरं त्याच्यासमोरून पळत जात. आत बैठक चालू असली की हातात नागवी तलवार घेऊन बाहेर उभं राहायचं, आणि ठरलेली टकटक न करता येईल त्याला हाकलायचं, एवढं काम. सात वर्षं त्यांनी ते इमानानं केलं. मग एक दिवस तलवार भिंतीला टेकवून घरी निघून आले. का, हे ते नेहमी त्याच शब्दांत सांगत. "आत गेला की जो तो भाई. वकील भाई, कप्तान भाई, कारखानदार भाई. भाई भाई करून गळ्यात पडायचे. मी सात बरस दारात. मला कुनी भाई म्हनलं नाय." मला शाळेत पाण्याच्या माठाला हात लावू दिलेला नव्हता, त्यामुळं पुढचं विचारायची गरज वाटत नसे.

त्या दिवसापासून चाचांनी जगातल्या यच्चयावत गुप्त बंधुमंडळांविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. दारूगोळा म्हणजे रद्दीवाल्यांकडून वर्षानुवर्षं जमवलेली ट्रंकभर पत्रकं, उर्दू, इंग्रजी, मराठी. मी चळवळीच्या पत्रकांवरच वाढलेला. माझ्या बारशाच्या घुगऱ्याही पत्रकात बांधून वाटल्या असतील. खोली बघायला गेलो, ती ट्रंक पाहिली आणि खोली बघायचं राहूनच गेलं. त्यांतली काही पत्रकं भयंकर होती. हे लोक बकऱ्याची पूजा करतात, भूकंप घडवतात, राजांना विष घालतात. पण आपल्या बाजूचं आहे म्हणून खोटं खपवून घेणारे चाचा नव्हते. समासात त्यांनी पेन्सिलीनं उर्दूत शेरे मारलेले असत आणि ते मला वाचून दाखवत: "झूट. मी दारात होतो. बकरा आत गेला, पण खान्यासाठी." इतिहास ते असा शिकवत: "पहिले ही गवंड्यांची युक्ती होती बेटा. खरा कारागीर कोन अन् उपटसुंभ कोन, ते कळाया पायजे, म्हनून हात मिळवताना अंगठा दाबायची खूण ठेवली. मग गवंडी गेले, साहेब आले, खूण राहिली. राजे घाबरले, पाद्री घाबरले, बंदी घातली. अन् जे विरोधात उठले त्यांनी काय केलं? आपली येगळी टोळी काढली. टकटक तिनाच्या जागी चार!" आणि मांडीवर चार थापा मारून ते ठसका लागेपर्यंत हसत.

नेमकी तीच चूक आम्ही केली. नामांतराचा लढा तेव्हा ऐन तापात होता. विद्यापीठाच्या एका नावासाठी माणसं मेली होती, वस्त्या जळल्या होत्या. चिकलठाण्याच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशिनवर भगवान नावाचा माझा मित्र उभा राहायचा. त्यानं आणि मी ठरवलं की आता उघड बोलून भागणार नाही. सात जणांचं गुप्त मंडळ काढलं. पहिली पाळी सुटल्यावर, मे महिन्यात, दुपारी चार वाजता माझ्या खोलीच्या खिडक्या लावून, मेणबत्ती पेटवून आम्ही शपथ घेतली. टोपणनावंही ठेवली; भगवानचं नाव 'वादळ' होतं. शपथेच्या तिसऱ्या ओळीला त्याला उकाड्यानं भोवळ आली आणि तो दारावर कलंडला. कडी नव्हतीच. दार उघडलं आणि वादळ चाचांच्या पायाशी जाऊन पडलं.

चाचांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, मेणबत्ती फुंकली आणि मला विचारलं, "टकटक किती ठेवली?"

"पाच," मी म्हणालो.

पुढचा तासभर त्यांनी जे सुनावलं त्यात शेवटी एवढं होतं: "नाव मागताय ते पाटीवर, सगळ्या दुनियेसमोर लिवायला ना? मग मागनारे बिळात कायकू? बैठक घ्यायची तर माझ्या ओट्यावर. येईल त्यानं बसायचं. नाय तर खोली खाली करा." आडनाव ऐकून खोली नाकारणारी घरं मी शहरभर पाहिली होती. आम्ही ओट्यावर आलो.

ओट्यानं आमच्या क्रांतीची पार रया घालवली. चाचांनी एक जाडजूड वही आणली. येणाऱ्यानं आधी सही करायची, मग चहा. सही नाही तर चहा नाही, मग तो कुणीही असो. इतिवृत्त ते स्वतः लिहीत आणि दुसऱ्या दिवशी बाहेरच्या भिंतीवरल्या फळ्यावर खडूनं उतरवत. "हजर अकरा. सुरुवात सहाला. ठराव: रविवारी मोर्चाला जायचं. विरोध: एक, ऊन फार म्हणून. भजी कमी पडली." जाणारे-येणारे फळा वाचून सूचना करत. गल्लीत दूध घालणाऱ्या, धनगरवाड्यातल्या सखूमावशी अंगठा उठवून रीतसर सभासद झाल्या. "लेकराहो, मोर्चा बारा वाजता कशापायी काढता? मेंढरंबी सावली बघून चालत्यात," ही त्यांची पहिली सूचना, आणि ती एकमतानं मंजूर झाली. भगवानचं टोपणनाव तर त्यांनी उचललंच. "ए वादळा, चरवी धर जरा." मी इतका चिडलो की चाचांच्या हुकूमशाहीविरुद्ध एक पत्रक लिहिलं. त्यांनी ते फळ्याशेजारी डकवलं आणि दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं.

अशाच एका बुधवारी, सहा ते आठ आमची बैठक चालू असताना, जालना रस्त्यावर कुणीतरी एक ट्रक पेटवला. आमचं गुप्त मंडळ असल्याची खबर पोलिसांना पूर्वीच लागलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला आणि भगवानला चौकीवर नेऊन वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. दुपार झाली. फौजदारसाहेबांनी माझ्यापुढं कोरा कागद आणि पेन सरकवलं. "ट्रक कुणी पेटवला त्याचं नाव लिही अन् घरी जा. नाय तर मी तुझं लिहितो."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग बाहेर चाचांचा आवाज आला. ते बगलेत वही घेऊन थेट आत शिरले. मागं चरवीसकट सखूमावशी. "साहेब, गुप्त मंडळ बघायचंय ना? हे घ्या," म्हणून त्यांनी वही टेबलावर उघडली. बुधवार, सहा ते आठ, हजर चौदा. साहेब एकेका सहीवर बोट ठेवत खाली आले आणि बाराव्या सहीवर थांबले. पुन्हा वाचली. मग दाराकडं तोंड करून ओरडले, "शिंदेऽ! इकडं ये!"

साध्या कपड्यांतला एक शिपाई आत आला. आम्ही त्याला ओळखलं. तीन आठवडे तो बैठकीला येत होता आणि कुणाच्या तरी घरचा पाहुणा असेल असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्यावर पाळत ठेवायला साहेबांनीच त्याला पाठवलेलं होतं, पण बुधवारचा अहवाल त्यानं अजून दिलेला नव्हता.

"ही सही कुणाची?"

"माझीच, साहेब."

"तुला पाळतीवर धाडलं होतं का सभासद व्हायला?"

"सहीबिगर चहाच देईनात, साहेब," शिंदे मान खाली घालून म्हणाला.

"अन् दोन कप पेला," मावशी म्हणाल्या. "साखर वाढवून मागितली. तेबी लिवलंय, बघा."

"आठ वाजेपर्यंत हे दोघं तिथंच होते?"

"व्हय, साहेब. त्या भगवानचं तर भाषण चाललं होतं. लई लांबलं."

साहेब आधी लाल झाले, मग त्यांना हसू आवरेना. पाचच्या आत आम्ही रस्त्यावर होतो. चाचांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. मला नाचावंसं वाटत होतं. रस संपल्यावर चाचा म्हणाले, "आत काय काय झालं, सगळं सांग बेटा." मी सगळं सांगितलं. साहेबांच्या मिशा, पंख्याची कुरकुर, टेबलाचा मोडका पाय. एक सोडून सगळं.

त्या कोऱ्या कागदावर मी 'भगवान' असं लिहिलेलं होतं. चाचांचा आवाज आला तेव्हा पेन अजून माझ्या हातात होतं. आदल्या संध्याकाळी ज्याच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो, त्याचं नाव, मला घरी जाता यावं म्हणून. साहेब वहीत गुंतले तेव्हा मी कागद चुरगळून खिशात घातला आणि रसवंतीमागच्या चिपाडांत टाकला. पुढं उघड्या व्यवहाराच्या बाजूनं मी कितीतरी जळजळीत पत्रकं लिहिली. हे कुठंच लिहिलं नाही.

विद्यापीठाला नाव मिळालं त्याच्या आधीच चाचा सिल्लोडला मुलीकडं राहायला गेले होते. तिथंच ते वारले. परवा शेवटी मी भगवानला ती गोष्ट सांगितली. त्यानं एवढंच विचारलं,

"आडनाव लिहिलं होतंस?"

"नाही."

"मग काय लेका! चिकलठाण्यात तवा शंभर भगवान होते." आणि त्यानं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की इतक्या वर्षांनी मला पोटभर श्वास घेता आला.

चाचांना मात्र सांगायचं राहून गेलं. त्यांनी मला चार सणसणीत शिव्या घातल्या असत्या आणि मग ओट्यावर उभं राहून, एकही तपशील न गाळता, ती हकिकत गल्लीला ऐकवली असती. मी आत खोलीत बसून ऐकली असती. तेवढी बेअब्रू त्यांच्या तोंडून व्हायला हवी होती, असं आता फार वाटतं.