टिकटिक थांबली तेव्हा

कचरू रणपिसे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, तोवर कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत जुनी फियाट एकच उरली होती. बाकीच्यांच्या दारात नव्या, गुळगुळीत गाड्या आल्या होत्या. "रणपिसे, गाडी कधी काढताय?" असं कुणी विचारलं, की ते म्हणत, "रोज सकाळी काढतो."

इंजिनाचं काम ते स्वतःच शिकले होते. ज्या एक्स्चेंजमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली, तिथली खडखडणारी यंत्रं एकेक करून निघाली आणि मुक्या इलेक्ट्रॉनिक पेट्या आल्या. त्यांत हात घालण्यासारखं काही राहिलं नाही. तेव्हापासून रविवारची सकाळ बॉनेटखाली जाऊ लागली. टॅपेट लावणं हे तर हक्काचं काम. झडपा दाबणारे रॉकर आणि झडपा यांच्यात पोलादाची पातळ पट्टी जेमतेम सरकेल, एवढी फट ठेवायची. फट जास्त झाली तर टिकटिक वाढते. मुळीच नसली तर तापल्यावर झडप पुरती मिटत नाही आणि जळते. थोडी ढिलाई हवीच, पण ती योग्य जागी.

थंडीतल्या एका रविवारी टॅपेट लावून त्यांनी गाडी सुरू केली. कान देऊन ऐकलं. टिकटिक अजिबात नव्हती. इतकं शांत इंजिन त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. चहा घेऊन खाली आलेल्या मुलीला, पूर्वाला, त्यांनी जवळ बोलावलं. ती हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती.

"ऐक. आहे का काही आवाज?"

पूर्वा त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, केवढी टकटक चाललीय."

"सायलेन्सर असेल."

"नाही, इथून येतेय." तिने इंजिनाच्या वरच्या झाकणाकडे बोट केलं.

रणपिशांना राग आला. इंजिन बंद करून, गार होऊ देऊन त्यांनी झाकण उघडलं. पट्टीने एकेक फट तपासली. सगळ्या बरोबर होत्या. मग त्यांनी रॉकर बोटांनी हलवून पाहिले. ज्या दांड्यावर ते बसतात, त्या शाफ्टवर ते आडवे जरासे सरकतात, त्यात काही वावगं नाही. मधल्या स्प्रिंगा त्यांना सांभाळतात. पण एक रॉकर वर-खाली हलत होता. त्याचं भोक झिजून मोठं झालं होतं. ही ढिलाई स्क्रू आवळून जाणारी नव्हती. आणि एवढं हलताना त्याने आवाज करायलाच हवा होता.

बोट तिथेच ठेवून त्यांनी विचारलं,

"कधीपासून येतोय आवाज?"

"दिवाळीपासून तरी. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"मला तो ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. गार झालेला चहा त्यांनी उभ्याउभ्याच संपवला.

नाना पेठेतून नवा रॉकर आणि शाफ्ट आणायच्या आधी पूर्वा त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. वयामुळे बारीक, उंच आवाज आधी जातात, डॉक्टरांनी सांगितलं. "यात काही सेटिंग?" रणपिशांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मशीन लावा." मशीन लावल्यावर पहिले काही दिवस रिक्षांचे हॉर्न आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांनी त्यांचा जीव नकोसा केला. पण दुरुस्त झालेलं इंजिन त्यांनी ऐकलं. आवाज होता, बारीक आणि एकसारखा. जेवढा असावा तेवढाच.

त्या दिवशी जेवताना त्यांनी पत्नीला विचारलं, "मला कमी ऐकू येतं, हे तुला कळलं नव्हतं?"

हिराबाई महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून घरी बसल्या होत्या. त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला उत्तर द्यायचं नाहीये."

"कशाचं उत्तर?"

"जाऊ द्या."

"नाही, सांग."

"गाडी शिकवाल का, असं विचारलं होतं. एकदा तुम्ही गाडी धूत होता तेव्हा, एकदा पेपर वाचताना. म्हटलं, गाडीला हात लावू द्यायचा नसेल."

रणपिशांचा घास हातातच राहिला. "आणखी काय काय विचारलं होतंस?"

"आता सगळं कुठे आठवतं?" हिराबाई म्हणाल्या आणि आमटी वाढायला उठल्या.

ते उत्तर त्यांना दिवसेंदिवस सलत राहिलं. गाडीचं विचारणं निदान आठवणीत होतं. बाकीचं वर्षभराचं बोलणं, भाजीवाल्याचं, माहेरचं, दुखऱ्या गुडघ्याचं, बंद दारावर वाजून परत गेलं होतं. आणि आपल्याला मात्र घरात शांतता आहे असं वाटत होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी बॉनेट उघडलं नाही. वारज्याच्या पुढे नव्या प्लॉटिंगमध्ये डांबरी रस्ते झाले होते, घरं अजून नव्हती. तिथे गाडी थांबवून ते डावीकडे जाऊन बसले. हिराबाईंनी पदर खोचला आणि स्टिअरिंग धरलं. क्लच सुटला, गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. पुन्हा तेच झालं. रणपिसे समजावू लागले, तेव्हा हिराबाई म्हणाल्या, "थांबा. मला माझं करू द्या."

ते थांबले. चौथ्या-पाचव्या खेपेला गाडी हलली आणि प्लॉटच्या खुणेचे दगड एकेक करून मागे पडू लागले. रस्ता संपला तिथे हिराबाईंनी ब्रेक दाबला. कपाळावरचा घाम पुसून त्यांनी पहिल्यांदाच मोकळेपणाने विचारलं, "अहो, आता मागे कशी घ्यायची?"