शाळेची पायरी

मेलबर्नला निघाले तेव्हा टॅक्सी आमच्या गल्लीत शिरेना, म्हणून निरोप घाटकोपरच्या आमच्या हायस्कूलच्या फाटकाशीच झाला. निम्मी चाळ जमली होती. तसंही आमचं सगळं तिथेच व्हायचं. लग्नं शाळेच्या हॉलमध्ये, मतदान वर्गांत, डोंगरावरून दरड कोसळली की मुक्कामही तिथेच. म्हणून बाबांनी मला आणि महेशला, माझ्या धाकट्या भावाला, लहानपणीच पढवून ठेवलं होतं, "काय झाला तर शाळेच्या पायरेर जाऊन बस. मी येतंय." चुकामूक झाली, चावी हरवली, गणितात नापास झाले, की मी पायरीवर. बाबा यायचेच. मी टॅक्सीत बसतानाही ते सवयीने तेच बोलून गेले.

इथे लेकीच्या शाळेचा इमर्जन्सी प्लॅन ईमेलने येतो. तरी मी तिला बजावते, काही झालं तर गेटशी थांब. ती हसते, "आई, फोन आहे ना!" फोन आहेच, पण माझा जीव थाऱ्यावर नसतो.

गेल्या महिन्यात महेशचा फोन आला. "ताई, बाबा सकाळपासून गायब आहेत. कुर्ल्यापर्यंत शोधून आलो. वाट लागलीय." बाबांना हल्ली शेजाऱ्यांची नावंही आठवत नाहीत.

"शाळेत बघितलंस?"

"शाळा कुठे राहिलीय गं? पाडणार आहेत, पत्रे ठोकलेत."

"पायरी बघ रे आधी!"

पत्र्याबाहेर दोनच पायऱ्या उरल्यात. बाबा तिथेच बसले होते. महेशला म्हणाले, "बाय खंय रवली?" माझी वाट बघत होते ते. काही केल्या उठेनात. महेशने फोन त्यांच्या कानाला लावला. मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, "बाबा, आता घरी जावा. मी येतंय." लगेच उठले.

तेव्हापासून रोज दुपारी ते तिथे जाऊन बसतात. "कशाला बोललीस, यार?" महेश वैतागतो.

चाळीतल्या माणसांनो, जाता-येता त्यांच्याकडे जरा लक्ष ठेवा. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, घर म्हणजे काय ते मला आता कळतंय. आपलं माणूस नक्की येणार म्हणून निर्धास्त बसता येतं, ते घर.

पायऱ्या दिवाळीनंतर तोडणार आहेत. मला सुट्टी मिळतेय ती थेट जानेवारीत. बाबांनी मला कधी इतकं ताटकळत ठेवलं नव्हतं.